नंदाच्या पाठवणीचा बेस

बँडमधल्या मोठ्या भोंगेवाल्याकडं कुणी बघत नसतं. बघायचं असतं ते किलारनेटवाल्याकडं! तो सगळ्यांच्या पुढं, त्याची टोपी तिरपी, लोक पैसे ओवाळणार तेही त्याच्यावरच. भोंगेवाला आपला मागं, गाल फुगवून, नवरदेवाच्या घोड्याची शेपटी बघत चाललेला. त्या वाजंत्राला बँडवाले ‘बेस’ म्हणत. जालन्यातली पोरं ‘भोंपू’ म्हणत आणि धूम पळत. पण म्हणावं, बेस काढून घ्या आणि मग वाजवून दाखवा गाणं. गाण्याच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं होतं. मच्छिंद्राला हे पक्कं ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी त्याचं फारसं अडत नव्हतं.

मच्छिंद्र मूळचा मंठ्याकडचा, खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरातला धाकटा. छावणीतल्या बँडच्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या नादी लागला आणि शेती थोरल्या भावावर टाकून जालन्याला आला. भावकीनं त्याचं नाव टाकलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, छावणीतला बँड मोडला, उस्ताद हैदराबादेकडं निघून गेला आणि जाता जाता आपला चेपलेला पितळी भोंगा मच्छिंद्राच्या गळ्यात घालून गेला. मग किलारनेट वाजवणाऱ्या बद्रीनाथ मास्तरनं लग्नाचा बँड काढला, त्यात हा शिरला. बायको त्याआधीच तापानं गेली होती. जालन्याच्या कादराबादेतल्या एका खोलीत बाप आणि लेक, दोघंच राहिली.

लेकीचं नाव नंदा. आता ती लग्नाला आली होती आणि बँडवाल्याची पोरगी करून घ्यायला कुणी पुढं येत नव्हतं. अखेर मच्छिंद्राची थोरली बहीण साळूबाई हिनं खटपट करून मंठ्याकडचंच एक स्थळ आणलं. मुलाचा बाप काकासाहेब, गावातला मोठा माणूस. पोरगी बघून गेले, पसंतही पडली. आठवड्यानं साळूबाई निरोप घेऊन आली ती दारातच बसली.

“एक अट घालून राह्यलेत बघ,” ती म्हणाली. “लग्नात तू भोंग्याला हात लावायचा न्हाई.”

“अक्का, पोरीचा बाप कुठं वाजवत असतो का? मला हात जोडायलाच टाइम मिळायचा न्हाई.”

“हसण्यावारी नेऊ नको. हात म्हंजे हातच लावायचा न्हाई. येवढ्या पाव्हण्यात व्याही भोंगा फुंकताना दिसला तर मान खाली घालायची पाळी येईल म्हणतेत. लई ताठ माणूस हाय तो. भर मांडवातून माघारी जाईल. मंग पोरीला कोण विचारनार?”

“बरं. न्हाई लावत,” मच्छिंद्र म्हणाला. म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

बद्रीनाथ मास्तर मात्र खुशीत होता. “आपल्या घरची पोर चालली, मच्छिंद्रा! तिच्या पाठवणीला, तिला वाटी लावताना, उष्टं गाणं वाजवायचं न्हाई. नवं करायचं, आणि पयल्यांदा तिच्यासाठीच वाजवायचं.” आणि खरंच त्यानं केलं. जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये बँडची तालीम चालायची, तिथं किलारनेटवर त्यानं ती चाल ऐकवली. उतरत उतरत यायची, मध्येच थबकायची आणि पुन्हा वर चढायची. बँडमधली रांगडी माणसं खाली बघायला लागली.

“आता तू बेस बसव,” मास्तर म्हणाला. “लग्नात धाकट्या भोंग्यावरचा भुजंग वाजवील. पण बसवायचा तो तूच.”

मच्छिंद्रानं पहिल्या दिवशी बसवला तो धम् धम् असा, पायाला पाय मिळवून चालावं तसा. मास्तरनं कपाळावर हात मारला. “अरे, पोरगी सासरी चालली का पलटणीत? हे वरातीचं झालं!” दुसऱ्या खेपेला मच्छिंद्रानं किलारनेटच्या मागं मागं जाऊन बघितलं. ते तर आणखीच वाईट; म्हातारा सुनेची नक्कल करतोय असं वाटलं. त्याला काही सुचेना. चाल डोक्यात घट्ट बसली होती, पण तिच्याखाली काय ठेवायचं ते सापडत नव्हतं.

घरी तर आणखी पंचाईत. बँडवाल्यांची एक रीत होती: ज्या घरात बिनलग्नाची पोर आहे, तिथं पाठवणीची चाल वाजवायची नाही, गुणगुणायचीसुद्धा नाही. अपशकून होतो म्हणत. पण बेस वाजवला तर? खालच्या सुराला कोण मेलं गाणं म्हणतं! मच्छिंद्रानं मनाशीच निवाडा केला आणि खोलीत बसून नुसता बेस घुमवायला लागला. वरची चाल फक्त त्याच्या डोक्यात.

नंदा चुलीपाशी भाकरी थापत होती. थप् थप् थप्, मग पीठ लावायला जरा थांबायचं, पुन्हा थप् थप्. मच्छिंद्र वाजवता वाजवता थांबला. ते थांबणं त्यानं ऐकलं. चाल वर चढते तिथं बेसनं वर जायचंच नाही! खाली उतरायचं, एक श्वास गप्प राहायचं आणि मग एकच सूर लांब धरायचा, पुढं गेलेल्या माणसाची वाट बघत उभं राहावं तसा. त्यानं वाजवून बघितलं. बसला! अगदी बराबर बसला.

“अप्पा, पुन्यांदा वाजवा बरं,” नंदा म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. बाप वाजवायचा आणि लेक काम करता करता तोंडानं म्हणायची: “पों… पों पों… हां… पोंऽऽ.” भांडी घासताना पों पों, केर काढताना पों पों. शेजारणी हसायच्या. ती कशाला ऐकते!

“याच्यावरचं गाणं कसं हाय वो?” तिनं एकदा विचारलं.

“ते आत्ता सांगायचं न्हाई. तू निघशील तव्हा वाजेल.”

“मंग मला कसं कळायचं, हेच आपलं म्हणून?”

“गाण्याखाली हे पों पों ऐकू आलं की समज, तुजंच गाणं. दुसऱ्या कुणाचं असायचं न्हाई.”

नंदानं मान हलवली. आई नसलेली पोर. तिला कुणी आपलं म्हणून काही केलेलं फार आठवत नव्हतं. ही एक गोष्ट तिच्यासाठी म्हणून घडत होती, आणि ती त्यावर भलतीच खूश होती.

भुजंग हा बँडमधला धाकटा भोंगा वाजवणारा, होतकरू गडी. मच्छिंद्रानं त्याला शेडमध्ये घेऊन बेस शिकवला. कुठं गप्प राहायचं, कुठं सूर धरायचा, श्वास कुठं घ्यायचा. भुजंगानं तो चांगला उचलला. पण मोठ्या भोंग्याला ओठ वेगळे लागतात, आणि ते तयार व्हायला वर्षं जातात. मच्छिंद्र त्याला पुन्हा पुन्हा बजावत राहिला, “सकाळच्या मिरवणुकीत जरा संभाळून फुंक. ओठ राखून ठेव. मला फकस्त वाटी लावायच्या टायमाला पाहिजे.”

“काका, तुमी बिलकुल घोर करू नका,” भुजंग म्हणाला.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाखालीही डोकं तापत होतं. काकासाहेब फेटा बांधून लोडाला टेकून बसले. मच्छिंद्र नवं धोतर नेसून, हात जोडून इकडून तिकडं फिरत होता. मिरवणूक निघाली आणि नवरदेवाच्या दोस्तांच्या अंगात आलं. “नाचायचं वाजवा! आणखी एकदा! अरे, येवढ्यात दमले का?” मास्तर वाजवत राहिला, त्याच्यामागं भुजंगही फुंकत राहिला. भर उन्हात, त्याच रस्त्यावर, तीच ती गाणी. मच्छिंद्राला लांबूनच कळलं. भोंग्याचा सूर फाटायला लागला होता. त्यानं जवळ जाऊन एका पोराला हळूच म्हटलं, “पाव्हनं, वाजवणाऱ्यांना जरा पाणी पिऊ द्या ना.”

“सासरेबुवा, तुमाला वाजवणाऱ्यांचा लईच कळवळा!” तो पोरगा म्हणाला आणि सगळी फिदीफिदी हसली. काकासाहेबांनी मान वळवून बघितलं. मच्छिंद्र हात जोडून मागं सरला. मुलीकडच्यानं तोंड उघडायचं तरी कसं?

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, उन्हं कलली. रस्त्यावर ट्रक येऊन उभा राहिला, त्यात रुखवत चढवलं. साळूबाई नंदाला धरून बाहेर घेऊन आली. मास्तरनं किलारनेट तोंडाला लावलं आणि मागं वळून बघितलं.

भुजंगाचा खालचा ओठ टम्म सुजला होता, मधोमध फाटून रक्त आलं होतं. त्यानं भोंग्यात फुंकर मारली. नुसती हवा गेली. पुन्हा मारली, तेच. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सरळ मच्छिंद्रापाशी आला आणि भोंगा त्याच्यापुढं धरला.

“काका, न्हाई होत. तुमीच घ्या. तुमचाच हाय.”

मच्छिंद्राचा हात पुढं गेला. उस्तादाच्या भोंग्याची ती चेप, तो गार पितळी गळा, सगळं हाताच्या ओळखीचं होतं. समोर ट्रकच्या दारापाशी काकासाहेब उभे होते, आणि ते बघत होते. मांडवातून माघारी जाणारा माणूस ट्रक रिकामा घेऊनही जाईल, मच्छिंद्राच्या मनात आलं. आणि घेऊन गेला तरी उद्यापासून त्या घरात नंदाला एकेका घासाबरोबर काय ऐकावं लागेल? त्याचा पुढं गेलेला हात तसाच दुसऱ्या हाताला जोडला गेला. भुजंगानं भोंगा मांडवाच्या खांबाशी टेकवून ठेवला.

मास्तरनं सुरुवात केली. गाणं सुरेलच वाजलं, खोटं कशाला बोला? बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. साळूबाई तर हमसून हमसून रडली. पण मच्छिंद्राला ते ऐकवेना. चाल वर चढायची आणि खाली काहीच नाही. पाय टाकायला जावं आणि पायरीच नसावी. तो गळ्यातल्या गळ्यात बेस म्हणायला लागला, आणि ताशाच्या कडकडाटात त्याचा त्यालाही ऐकू येईना.

नंदा रडत होती, पण रडता रडता इकडं तिकडं बघत होती. बापाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “अप्पा, आपलं गाणं?”

मच्छिंद्राला आधी कळलंच नाही.

“आपलं कधी वाजवतेत? मी मगापासून कान देऊन राह्यले. हे झालं की मंग हाय का?”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पोरीनं वरची चाल कधी ऐकलीच नव्हती! तिच्या लेखी हे कुणाचंही गाणं होतं, कुठल्याही लग्नात वाजतं तसलं. तिचं गाणं ते पों पों, आणि ते खांबाला टेकून गप्प उभं होतं. ‘अगं बाई, हेच ते,’ असं सांगायचं? मग खालचा सूर कुठं गेला म्हणून विचारील. सासऱ्याच्या अटीपायी बापानं हात मागं घेतला, हे मनात घेऊन पोर त्याच सासऱ्याच्या घरी नांदायला जाणार? निदान तिच्या कानात तरी गुणगुणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. नुसता श्वास निघाला, भुजंगासारखा.

“चला, जल्दी करा,” काकासाहेब म्हणाले. “अंधार पडायच्या आत पोचायचंय.”

“अप्पा, राह्यलं का?” नंदानं विचारलं.

“राह्यलं, बाई,” मच्छिंद्र म्हणाला. “गडबडीत राहून गेलं बघ.”

ती रडतानाच हसली आणि त्याच्या उपरण्यानं त्याचेच डोळे पुसले. “असू द्या. तुमी असेच, सगळं इसरता. जेवण तेवढं इसरू नका.” साळूबाईनं तिला ट्रकमध्ये चढवलं. ट्रक निघाला. फाळक्यावरून ती मागं बघत होती, आणि अजूनही कान देत होती.

धूळ बसल्यावर मास्तरनं किलारनेट खाली घेतलं. घाम पुसत तो मच्छिंद्राकडं आला.

“बेस न्हवता, पण साधलं बुवा,” तो म्हणाला. “काय रे, ओळखलं का पोरीनं तिचं गाणं?”

“ओळखलं, मास्तर. बराबर ओळखलं,” मच्छिंद्र म्हणाला, आणि भोंगा उचलायला खांबाकडं गेला. आता हात लावला तरी कुणाची हरकत नव्हती.