खलातला कडू रस

मित्रांनो, काळ्या दगडातून कोरलेला मी एक जुना खल आहे. पडेगावच्या एका पाथरवटाने मला घडवले आणि क्रांती चौकाजवळच्या सदाशिव वैद्यांनी दवाखान्यात आणले.

माझ्या पोटात सहाही रस नांदले. गोड ज्येष्ठमध कुटताना वैद्य म्हणत, "हा अंगाला बळ देतो." आंबट आवळा आला की बघणाऱ्याच्याही तोंडाला पाणी सुटे. तिखट सुंठ उडाली की सगळे शिंकत आणि चोंदलेली नाके मोकळी होत. डाळिंबाची तुरट साल बिघडलेले पोट आवरून धरी. खारट सैंधव चिमूटभरच लागे. कडूचे मात्र कोणी कौतुक करीत नसे.

पुढे वैद्यांची सून उमा दवाखाना पाहू लागली. तयार चूर्णे आली आणि दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी ठेवले गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला लागत. वाईट वाटे.

एका सकाळी बिडकीनहून तनुजा सासूला घेऊन आली. सासू वच्छलाबाई. त्यांनी चाखल्याशिवाय गावातल्या लग्नात वरण पंगतीत जात नसे. पण तापातून उठल्या आणि जिभेची चवच गेली. दोन घास खाऊन ताट सारायच्या. अंगावर नुसती हाडे उरली होती.

"ताई," तनुजा रडवेली झाली, "आत्याबाई माझ्या सैपाकाला नावंच ठेवीनात. मला लई भीती वाटायलीय."

उमाताईंनी जीभ पाहिली, नाडी पाहिली. मग परसातल्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल कापून आणली, मला धुतले आणि ओली कांडे ठेचून रस काढला.

वच्छलाबाईंनी घोट घेतला. "गुळवेल कडू म्हणतात, मला तर पाणीच लागतंय."

"घेत राहा," उमाताई म्हणाल्या. "कडू स्वतः रुचत नाही, पण रुची जागवतो. जेवणाआधी आल्याची चकती सैंधव लावून खा, म्हणजे भूक लागेल. घरी खल आहे?"

"नाय, मिक्सर हाय," तनुजा म्हणाली.

"गुळवेलीचे तंतू पात्याला गुंडाळले जातात. हा न्या."

अशी माझी स्वारी स्कूटीवर बसून बिडकीनला निघाली! तिथे तनुजा रोज सकाळी गुळवेल ठेचू लागली. वच्छलाबाई मुकाट्याने पिऊन टाकत. एके दिवशी मात्र त्यांचे तोंड वाकडे झाले.

"अगं, जहर हाय का काय हे!"

तनुजाने टाळीच वाजवली. दुपारी आमटीचा भुरका मारून सासूबाई गरजल्या, "तनुजे, मीठ कुठंय ह्यात? अन् एवढी चिंच कोण घालतं, व्हय?"

तनुजा हसता हसता रडू लागली. तिने शेतात नवऱ्याला फोन लावला, "अहो, आत्याबाई मला रागावल्या!"

वच्छलाबाईही हसल्या. "बस की जेवायला," म्हणाल्या, "अन् मला अजून भात वाढ."

मित्रांनो, ताटात कारल्याची फोड दिसली तर नाक मुरडू नका. आणि घरातले कोणी जेवताना गप्प गप्प राहू लागले, तर जवळ बसून एवढेच विचारा, "चव लागते ना?"