वजनकाट्याची वायर

कारखान्यातली कुठली वायर कुठे जाते, हे बावीस वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात होतं. सगळे त्याला तारमामा म्हणत. कागदावर त्याने कधी रेघ ओढली नाही. डोक्यातलं कुणाला काढून घेता येत नाही, हे तो पुरतं ओळखून होता.

मग त्याच्या हाताखाली त्याचीच सख्खी भाची कामाला लागली. मॅनेजरने दोघांदेखत तिला सांगितलं, "नेटवर्कचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर शोधा. नकाशा झाला की या खात्यात एकच माणूस ठेवायचाय."

भाचीने आठवडाभर चार-पाच सॉफ्टवेअर चाळली. एक फार महाग, एकात सगळे चौकोन हातानेच काढायचे, एकाला इथले जुने स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणारे डबे, ओळखता येईनात. शेवटचं मात्र भलतं हुशार निघालं. ते एकेका यंत्राला हाक मारायचं. ज्याने ओ दिली, त्याचा चौकोन नकाशात मांडायचं.

"मामा, रविवारी चालवू का रे? कामाचा खोळंबा नको."

रविवारी वजनकाट्याच्या खोलीची वीज बंद असते. तिथला कॉम्प्युटर बंद, स्विच बंद. बंद यंत्र ओ कुठून देणार? मामाने चहाचा घोट घेतला. "चालव की."

रविवारी दुपारी तिने नकाशा टेबलावर पसरला. "एकशे बारा चौकोन आलेत. ही एकच वायर कुठल्याच चौकोनाला जात नाही. साहेब म्हणालेत, निकामी ते काढून टाका. तू बघ ना, काही सुटलं नाही ना?"

मामाने चष्मा पुसला, नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. "काही सुटलं नाही. हाताला वळण आहे हो तुझ्या."

तिने पक्कड घेतली. ती वर चढून वायर कापत होती, तेव्हा शिडी मामानेच धरली होती.

सोमवारी सकाळी काटा चालेना. फाटकाबाहेर चाळीस ट्रक खोळंबले. मामाने नवी वायर ओढून दुपारी काटा सुरू केला. मॅनेजर म्हणाला, "अनुभव तो अनुभव." मग भाचीकडे वळून, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"मी मामाला विचारलं होतं, साहेब."

"मला?" मामा म्हणाला. "नकाशा तू काढलास बाई. आम्हा अडाण्यांना त्यातलं काय कळतंय?"

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलीय. तुझ्या भरवशावर पाठवली होती रे. साहेबांच्या कानावर घालशील?"

"घालतो की," मामा म्हणाला.

बहिणीने महिनाभर वाट पाहिली.