शेंदूर लावलेली किंजळ

"हे कुणी केलं?" मानसिंगचा आवाज चढला.

वाळलेल्या किंजळीच्या बुंध्याला कमरेइतका शेंदूर फासला होता. मुळाशी नारळ फोडलेला.

"म्या," रानात शेरडं चारणारी म्हातारी कोंडाबाई म्हणाली. "तुमीच काल म्हनलात, ह्या झाडाला कुनी हात लावू देऊ नका. शेंदूर बगून कोन हात लावतंय?"

मानसिंगने कपाळावर हात मारून घेतला. भोर संस्थानच्या जंगलखात्यातला हा कारकून उन्हाळाभर हिर्डोशीच्या रानात तांबड्या भुंगेऱ्यांमागे हिंडत होता. ते ऐनाच्या झाडांवर, पानांवर दिसत, म्हणून ऐनाला कीड लागली असं साहेबांनी ठरवलं होतं. सगळे ऐन तोडायचे. हे किडे मूळचे सावरीच्या झाडावरचे, असं मानसिंगने आधी सांगितलं आणि तोंडघशी पडला. तिथले तांबडे किडे निराळेच निघाले. कचेरीत त्याचा 'किडेमास्तर' झाला. काल मात्र या मेल्या किंजळीची साल जराशी उचकटली, तर आत भुंगेरा आणि शेजारी त्याची चपटी अळी. तो वाढतो मेल्या लाकडात, ऐनावर नुसता येऊन बसतो. एवढं साहेबांना दाखवलं की ऐन वाचणार होते.

"मावशी, साल काढायचीय मला. साहेब येतायत."

"देवाची साल? न्हाई बा. आमाला लेकरंबाळं हायती." ती बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

तेवढ्यात साहेब आलेच. शेंदूर पाहून घोड्यावरून उतरले, बूट काढले, हात जोडले. मानसिंग सालीखालच्या अळीबद्दल सांगू लागला.

"देवाच्या झाडाला सुरी लावता? तुमचं आपलं काहीतरीच," साहेब म्हणाले. मग बरोबरच्या कुऱ्हाडवाल्यांकडे वळले, "तोड सुरू करा."

"कसली तोड?" ते गेल्यावर कोंडाबाईने विचारलं.

"ऐनाची. सगळ्या."

"आन् आमची शेरडं काय खातील? काल का न्हाई सांगितलं?"

हुकूम सोडायची सवय, कारण सांगायची नाही. मानसिंगला स्वतःचाच भयंकर राग आला.

कोंडाबाईने बुंध्याला डोकं टेकवलं. "माज्या हातनं घडतंय देवा. कोप माज्यावरच कर, लेकरांवर नगं." मग कमरेचा कोयता काढून तिने शेंदरासकट साल उचकटली. आत दोन तांबडे भुंगेरे, एक अळी.

"बोलवा सायबाला."

घोडा ओढ्यापलीकडे गेला होता. ऐनावर पहिली कुऱ्हाड पडल्याचा आवाज आला. मानसिंग हाका मारत उतारावरून धावत सुटला. मागून कोंडाबाई, सालीचा तुकडा दोन्ही तळहातांवर सरळ धरून, किडा पडू नये म्हणून जपून पाऊल टाकत उतरत होती.