लाल खुणांचा धडा

मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. माझी पाठ दोनदा शिवलेली आहे, कव्हर औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरचं आहे आणि पहिल्या पानावर माझ्या सोळा मालकांची नावं आहेत. एकेकानं मला वर्षभर सांभाळलं. त्यातल्या एका घराबद्दल मला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शाळा उघडायच्या आत बाजारात पोचायचं, म्हणून आम्हां हजारभर भावंडांना घाईघाईनं शिवलं. त्र्याण्णव साली यादव सरांनी मला नाशिकला आणलं. सर सरकारी कचेरीत कारकून. रविवारी सकाळी अंबडजवळच्या वसाहतीत, विहारात वंदना झाली की त्याच सतरंजीवर ते इंग्रजी शिकवायचे. वर्ग वीसजणांचा आणि पुस्तक एकच. म्हणून नियम असा, की मला एकानं वर्षभर घरी ठेवायचं, बाकीच्यांनी फळ्यावरून उतरवून घ्यायचं, आणि वर्ष संपलं की पुढच्याच्या हातात द्यायचं.

माझ्यातला सोळावा धडा सगळ्यांना जड जायचा. सब्जंक्टिव्ह मूड. सर म्हणायचे, "घाबरताय काय? 'मी पक्षी असतो तर' हा निबंध शाळेत लिहिलाय ना? तेच हे. जे नाही, ते आहे असं धरून बोलायचं. नेहमी आपण 'आय वॉज' म्हणतो, पण असं धरून बोलताना 'इफ आय वेअर' म्हणायचं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, की हे खरं नाही." मग प्रत्येकानं उभं राहून स्वतःचं एक वाक्य सांगायचं. कारखान्यात हेल्पर असलेला मंगळू म्हणाला होता, "इफ आय वेअर द सुपरवायझर, आय वुड स्लीप." सर म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे. सुपरवायझरला सांगू नकोस."

शहाण्णव साली माझी पाळी ज्योत्स्नाकडे आली. तिची मुलगी स्नेहा तेव्हा आठ महिन्यांची. पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी अडकवून ज्योत्स्ना वाचायची. झोळी थांबली की मुलगी जागी व्हायची आणि मी मिटायचो. दिवसातून अर्धं पान. पण ती पान मुडपून ठेवायची नाही, खूण म्हणून लोकरीचा धागा ठेवायची.

तिचा नवरा किशोर कारखान्यात तपासणीच्या कामाला होता. दिवसभर तयार भाग मापात बसतात का ते बघायचं आणि जो चुकला त्यावर तेलकट लाल खडूनं फुली मारायची. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं मला हातात घेतलं. सोळावा धडा उघडा होता. 'आय'च्या पुढं 'वेअर' बघून तो चमकला. बायको एवढ्या कष्टानं वाचते आणि पुस्तकात एवढ्या चुका? खिशातला खडू काढून त्यानं अख्खा धडा तपासला. एकोणीस खुणा केल्या.

रविवारी सरांनी मला उघडलं आणि बघतच राहिले. "ज्योत्स्ना, तुझ्या नवऱ्यानं माझा सगळा लॉट रिजेक्ट केलाय की गं."

सगळा वर्ग हसला. ज्योत्स्ना पदर तोंडाला लावून हसली. घरी जाऊन तिनं सांगितलं तेव्हा किशोर म्हणाला, "सरांनी पास केला असेल. माझ्या टेबलावरून नसता गेला."

त्यानंतर अकराव्या दिवशी किशोर कामावरून येताना हायवेवर अपघातात गेला.

पुढच्या महिन्यांबद्दल मला फार सांगता येणार नाही. मी फळीवर होतो, तांदळाच्या डब्याशेजारी. ज्योत्स्ना उठायची, मुलीला भरवायची, भांडी घासायची. कोणी काही म्हटलं तर "बरं" म्हणायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. माझ्यावर धूळ बसली, आणि मलाही काही वाटेनासं झालं.

वर्ष संपलं तशी शेजारची लंकाबाई आली. तिची तृप्ती बारावीला होती आणि पाळी तिची होती.

"ज्योत्स्ना, पुस्तक न्यायला आले बाई. पोरगी लय मागं लागलीय."

"बरं."

"सर म्हनले, त्या लाल खुणांवर पांढऱ्या चिठ्ठ्या डकवून दे. न्हाईतर पोरगी चुकीचंच पाठ करंल. मी डिंक आनलाय. तू बस, मी डकवते."

ज्योत्स्नानं मला फळीवरून काढलं, पदरानं पुसलं आणि सोळावा धडा उघडला. लंकाबाईनं चिठ्ठ्या कापायला घेतल्या. पहिल्या चिठ्ठीला डिंक लागला, तेव्हा ज्योत्स्नानं पानावर हात ठेवला.

"नको, मावशी."

"अगं, त्याची आठवन म्हून ठेवतीस का? मग पुस्तकच ठेव. मी सरांना सांगते."

"पुस्तक तृप्तीचंच आहे. घेऊन जा. पण खुणा झाकू नका. हा धडा आला की तिला माझ्याकडं पाठवा. कुठली खूण का चुकली, ते मी सांगीन."

आणि तसंच झालं, मित्रांनो. तृप्ती आली. तिच्यानंतर रवी आला, मग मनोज. मी ज्याच्या घरी असेन तो सोळाव्या धड्यापाशी अडायचा आणि मला घेऊन ज्योत्स्नाताईंच्या दारात उभा राहायचा. ती एकेका खुणेवर बोट ठेवून समजावायची, कंटाळा न करता. पुढं बाकीचे धडेही तिच्याकडेच आले, आणि सर थकल्यावर रविवारचा वर्गही. फक्त स्वतःचं वाक्य तिनं कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं, तर म्हणायची, "माझं राहू दे. तुझं सांग."

दोन हजार आठ साली माझी पाळी स्नेहाकडे आली. ती आठवीत होती. पहिल्याच संध्याकाळी तिनं सोळावा धडा काढला आणि बाबांच्या खुणा बोटानं मोजल्या.

"आई, अठरा चुकल्यात. एक बरोबर आहे."

"कुठली?"

"ही. सरावातली वाक्यं बघ. सहानंतर एकदम आठ आहे. बाबांनी मधे खूण केलीय. सातवं छापलंच नाही."

ज्योत्स्नानं मला जवळ ओढलं. बारा वर्षं ती खूण तिनं इतरांसारखीच चुकीत धरली होती. सगळ्यांनीच धरली होती. मलाही माहीत नव्हतं, की माझ्यात एक वाक्य कमी आहे. तिनं त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पेन दे."

सहा आणि आठच्या मधल्या बोटभर जागेत तिनं बारीक अक्षरात एक इंग्रजी वाक्य लिहिलं. स्नेहानं ते मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं: 'किशोर असता, तर त्यानं हे पान पुन्हा एकदा तपासलं असतं.'

"व्याकरण बरोबर आहे का?" ज्योत्स्नानं विचारलं. तिचा आवाज ओला झाला होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"बरोबर आहे," स्नेहा म्हणाली आणि आईला टेकून बसली.

मित्रांनो, जुनं पुस्तक हाती आलं आणि त्यात कुणी चुकीचं काही लिहिलेलं दिसलं, तर ते खोडण्याआधी एकदा नीट वाचा. लिहिणारा घाईत असेल, अडाणी असेल, पण कुणासाठी तरी तो बसून ते पान तपासत होता.