कोंडवाड्यातली मेंढी

इंग्लंडातल्या हॅक्सल्बी गावात पिंडर आडनावाचं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे क्लिफर्ड. बायको मॉरीन गेल्यापासून पोस्टमनखेरीज त्याच्या दाराशी कुणी आलं नव्हतं, आणि पोस्टमनही टपाल फटीतून सरकवून निघून जाई.

आडनावाचा इतिहास क्लिफर्डला तोंडपाठ होता. ऐकायला कुणी नव्हतं एवढंच. पिंडर म्हणजे गावच्या कोंडवाड्याचा रखवालदार. कुणाचं जनावर मोकाट सुटून दुसऱ्याच्या पिकात शिरलं, की पिंडरनं ते हाकत आणून दगडी कोंडवाड्यात घालायचं, चारापाणी करायचं आणि मालक दंड भरायला येईपर्यंत वाट बघायची. आधी काम होतं, मग कामाचं नाव माणसाला चिकटलं, मग काम गेलं आणि नाव तेवढं राहिलं. गावानं पिढ्यान्‌पिढ्या पिंडरांना शिव्या घातल्या. पण क्लिफर्डचे वडील म्हणत, शिव्या घालायला का होईना, माणूस दारात यायचं. पुढे तारेची कुंपणं आली आणि तेही बंद झालं.

कोंडवाडा मात्र शाबूत होता. गावच्या वारसा समितीनं त्याची डागडुजी करून आत एक बाक ठेवला होता. त्यावर बसलं की समोर भिंत दिसे.

मार्चातल्या एका सकाळी क्लिफर्डला गल्लीत एक म्हातारी मेंढी दिसली. कानातला बिल्ला ब्रेंडा स्किपवर्थच्या कळपाचा होता. ब्रेंडा वर टेकडीवर एकटीच शेत सांभाळायची. एका फोननं काम झालं असतं. क्लिफर्डनं फोन केला नाही. त्यानं मेंढी कोंडवाड्यात घातली, पुढ्यात गवत आणि पाण्याची बादली ठेवली, घरी येऊन चांगली बिस्किटं बशीत काढली आणि वाट बघत बसला.

कोणी आलं नाही. येणारेजाणारे कोंडवाड्याशी थांबत, समितीनं या खेपेला खर्च बरा केलाय असं म्हणत, फोटो काढत आणि जात. एका बाईंनी तर तू खरी आहेस का, असं मेंढीलाच विचारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी क्लिफर्ड भिंतीवर कोपरं टेकून उभा राही आणि मेंढीला आडनावाचा इतिहास सांगे. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला. मॉरीनला ते कधी जमलं नव्हतं.

मग एका दुपारी दारावर थाप पडली. दारात ब्रेंडा, चिखलानं माखलेल्या गमबुटांत.

"मेंढी न्यायला आले."

"दंड पडेल," क्लिफर्ड म्हणाला.

"किती?"

"एक कप चहा. आत बसून."

ब्रेंडानं बुटांकडे बघितलं, थोडा विचार केला आणि ते उंबऱ्याशी काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. दोघं हवेबद्दल बोलले, पण हवेत त्या दिवशी फारसं काही नव्हतं. विषय लवकर संपला. मग कपात बघत ब्रेंडा म्हणाली, की मेंढी कुठे आहे ते तिला पहिल्या संध्याकाळीच टेकडीवरून दिसलं होतं.

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"तुम्ही तिच्याशी बोलत होतात. मधे कसं तोडायचं?"

क्लिफर्डनं बिस्किटांची बशी उगाच इकडची तिकडे केली.

"चहाला बोलवायला मेंढी कशाला कोंडायला हवी, मिस्टर पिंडर?"

"आमच्या घराण्यात दुसरी रीत नाही."

ब्रेंडानं मान डोलावली, जणू हे तिलाही पटण्यासारखं होतं. खालच्या कोपऱ्यातलं कुंपण मोडलंय, आजच दुरुस्त करते, पुन्हा त्रास होणार नाही, असं म्हणून तिनं आभार मानले आणि मेंढी घेऊन गेली. मेंढीनं मागे वळून बघितलं नाही.

थोड्या वेळानं टेकडीकडून हातोड्याचे ठोके यायला लागले. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. एकट्या माणसाचं काम. दर घावाला खुंट कलत असणार. क्लिफर्ड स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. हॅक्सल्बीत कारणाशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. मेलेल्याकडेसुद्धा फुलं घेऊन जातात. त्यानं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही. शेवटी कोट घालून तसाच निघाला.

ब्रेंडानं त्याला येताना बघितलं, पण कसे काय आलात असं विचारलं नाही.

"हा धरा," ती म्हणाली. "सरळ."

क्लिफर्डनं खुंट दोन्ही हातांनी घट्ट धरला. खुंट खोल गेला, तार ताणून बसली. तिथून आता एकही मेंढी बाहेर पडणार नव्हती, आणि त्याची पुरेपूर तजवीज क्लिफर्डनं स्वतःच्या हातांनी केली होती.