ढिगाऱ्यावरचं ब्याण्णव टक्के

सुरुचीने तीन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात झाडं मोजली. उमरेडजवळच्या कोळसा खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर दहा हजार रोपं लावल्याचं कागदावर होतं. जिवंत निघाली तीनशे बारा. ढिगारा मात्र हिरवागार होता. गाजरगवताने.

"काहून मोजून राहिल्या, मॅडम?" राखणदार कवडूने हात खाजवत विचारलं. "साहेब लोकं तं वरूनच फोटो काढतेत." रोपांभोवतीचं गवत उपटणं हे त्याचं काम. कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं.

वरून म्हणजे उपग्रहातून. खाण कंपनीच्या ऑफिसात कृष्णकांत साहेबांनी तो फोटो भिंतीवर लावला होता. त्या हिरवळीच्या भरवशावर कंपनी बँकेमार्फत हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या नावाचे कर्जरोखे, काढणार होती आणि आलेल्या पैशातून देशाचा शाश्वत विकास करणार होती. अडलं होतं वनस्पतितज्ज्ञाच्या एका सहीवर. ती सही सुरुचीची, आणि तिचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं.

तिने तीनशे बाराचा आकडा सांगितला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. अहवालात रोपं मोजतच नाहीत, हिरव्या आवरणाची टक्केवारी मागतात, असं समजावलं. मग म्हणाले, "उपग्रहाले हिरवं दिसते, बँकेले हिरवं दिसते. तुम्हालेच काहून लाल दिसून राहिलं?"

सुरुची भांडणाऱ्यांतली नव्हती, खोटं लिहिणाऱ्यांतलीही नव्हती. तिने 'हिरवं आवरण ब्याण्णव टक्के' असं लिहिलं आणि पुढे गाजरगवताचं शास्त्रीय नाव टाकलं: पार्थेनियम हिस्टेरोफोरस. अक्षर न् अक्षर खरं. बँकेतलं कोणीतरी ते नाव शोधेल, मिनिटभरात सगळं उघडं पडेल आणि आपण नामानिराळे राहू, असा तिचा हिशेब. तिने सही केली.

कोणीही शोधलं नाही. महिन्याभरात गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली. पहिल्याच पानावर ते नाव सोनेरी अक्षरांत, खाली सुरुचीचं नाव, पदवीसकट. रोखे दोन दिवसांत खपले. तिचं कंत्राट तीन वर्षांनी वाढलं. सोबत दुसऱ्या टप्प्याचं पत्र होतं: याच वनस्पतीची सावनेरकडच्या ढिगाऱ्यावर चाळीस हेक्टर लागवड. बी उमरेडहून न्यायचं. प्रमुख, सुरुची मॅडम.

ती उमरेडला गेली. आता हे गवत उपटायचं नाही, राखायचं, असं कवडूला तिलाच सांगावं लागलं. त्याने पुरळ उठलेले हात तिच्यापुढे धरले.

"हे कोनं लिहून देल्लं जी?"

सुरुचीने शिंक आल्यासारखा रुमाल काढून नाकाला लावला. शिंक काही येत नव्हती.