जोडाचं तोंड

सेनगावच्या पंपावर पुंजाजी डिझेलच्या कॅनचं झाकण आवळत होता, तेव्हा बाबूसिंग जीपमधून उतरून त्याच्यासमोर आला. पुंजाजीच्या शेतातल्या मळणीयंत्राला सकाळी बाबूसिंगचंच ट्रॅक्टर जोडलं होतं.

"पट्टा सुटला," तो म्हणाला. "वहिनीच्या कानशिलावर बसला."

"कुठं हाय ती?"

बाबूसिंगनं कॅन हातात घेतला आणि जीपकडे चालू लागला.

अठ्ठ्याण्णवच्या सोयाबीनची मळणी अर्धीच राहिली. सकाळी पुंजाजीची बायको केशरबाई म्हणाली होती, "भुसा डोळ्यांत जाऊन राहिला, यंत्राचं तोंड फिरवा." पुंजाजीनं पट्टा उतरवला, यंत्र फिरवलं, पट्टा पुन्हा चढवला आणि डिझेल आणायला निघाला. तेच तिचं शेवटचं बोलणं.

पट्टा म्हणजे कापडाचे चार थर, मध्ये रबर. सेनगावच्या उत्तमरावानं आपल्या दुकानात त्याची दोन्ही टोकं तिरपी तासून, रबराचं सोल्युशन लावून जोडली होती. सुटला तो जोडच. पुंजाजीनं तेवढा तुकडा कापून आपल्या पिठाच्या गिरणीत खुंटीला टांगला. मग दर बाजाराला तो उत्तमरावाच्या दुकानासमोर उभा राहू लागला. येईल त्याला सांगायचा,

"ह्याच्या हातचा पट्टा माणूस खातो."

उत्तमराव एकदाच म्हणाला, "पुंजाजी, जोड बराबर व्हता."

"मंग माझी बाई कुठं हाय?"

वर्षभरात गिऱ्हाईक आटलं. दुसऱ्या वर्षी दुकानाला कुलूप लागलं. उत्तमराव कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर कपबशा धुतो असं कळलं, त्या दिवशी पुंजाजी एक भाकरी जास्त जेवला.

तेवढ्यानंही त्याचं भागलं नाही. जोड कच्चा होता हे त्याला चारचौघांत दाखवायचं होतं. गिरणीच्या पट्ट्याला त्यानं हुबेहूब तसाच जोड केला. खुंटीवरच्या तुकड्यावर लाल बाण होता, ती दुकानाची खूण समजून तोही तसाच रंगवला. रोज गिरणी थांबली की जोडाच्या कडेत नख घालून बघायचा. चीर जिथवर जाईल तिथवर खडूची रेघ मारायची, असं ठरवलं होतं. पण चीर पडेचना. पुन्हा जोडताना त्यानं सोल्युशन पातळ केलं, थर नीट घासले नाहीत. जोड चार महिने हलला नाही.

"आबा, तुमी वाईट करायला बसता आन् चांगलंच होऊन जातं," लेक आकांक्षा हसायची.

मग एका लग्नाला तो जवळा बाजार गावी दोन दिवस राहून आला. परतल्यावर बघतो तर कडेत नख गेलं. पहिली रेघ नखभर, दोन दिवसांनी बोटभर, आठव्या दिवशी चार बोटं. आत वरचा थर हवेत उठला होता.

"बघ," तो म्हणाला. "असाच सुटला असंल."

"सुटंल न्हाई तर काय," आकांक्षा पीठ भरता भरता म्हणाली. "तुमी लग्नाला गेल्ते तवा गिरणीचा दगड गुळगुळीत झालता, त्याला टाकी लावायला पट्टा उतरवला. चढवताना मी बाण उलटा घातला. जोडाचं तोंड, वरल्या थराची कड, म्होरं आलं, दर फेऱ्याला चाक त्यालाच उचकटून राहिलं. म्या आत्ता पाहिलं."

"बाण दुकानाची खूण हाय."

"दुकानाची काहून? पट्टा कोणीकडं पळवायचा त्याची हाय."

पुंजाजीनं खुंटीवरचा तुकडा उतरवला. सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग बाणावरून, मग पुन्हा कडेवरून. त्या सकाळी यंत्र फिरवल्यावर पट्टा त्यानं एकट्यानं चढवला होता. बाणाकडे पाहिलं नव्हतं.

"पाणी देऊ का, आबा?"

"नको."

पुढच्या बाजाराला तो सेनगावला न जाता कनेरगाव नाक्याला गेला. उत्तमरावानं चहा आणून ठेवला, फडक्यानं टेबल पुसलं आणि मान वर न करता विचारलं,

"आणखी काही?"

"न्हाई."

बरोबर आणलेला पट्ट्याचा तुकडा पिशवीतच राहिला. त्याला आता सहा बाजार झाले. पुंजाजी दर बाजाराला तिथं जाऊन चहा पितो. उत्तमरावाला सांगायचं अजून राहिलंच आहे.